बाबांच्या सीड्या, नवा प्लेयर आणि माझे दोन महिने

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्याकडे ठरलेला कार्यक्रम असतो. बाबा सगळ्यांच्या आधी उठतात, उटणं लावून आंघोळ करून हॉलमध्ये येऊन सीडी लावतात आणि आम्ही बाकीचे त्या आवाजाने डोळे चोळत उठतो. मागच्या दिवाळीत गाण्याचा आवाज आलाच नाही. आला तो ट्रे आत-बाहेर होण्याचा, खर्र खट्, खर्र खट्, आणि मधेमधे बाबांचा, "अरे, ये रे जरा इकडे." जाऊन बघतो तर प्लेयरच्या डिस्प्लेवर ‘नो डिस्क’. दुसरी लावली, नो डिस्क. तिसरी लावली तर दोन मिनिटं विचार केला आणि परत तेच. शेवटी आईने मोबाईलवर काहीतरी लावलं, त्यात आधी कुठल्यातरी मसाल्याची जाहिरात आली आणि बाबा न बोलता उठून फराळाला जाऊन बसले.

खरं म्हणजे तो प्लेयर वर्षभर सांगत होता की मी चाललो म्हणून, आम्हीच ऐकलं नाही. आधी घरी बनवलेल्या सीड्या वाचेनाशा झाल्या. मग सत्तर-पंच्याहत्तर मिनिटांच्या भरलेल्या सीडीतली शेवटची गाणी उड्या मारायला लागली. सीडी आतून बाहेर वाचली जाते, आपल्या जुन्या रेकॉर्डच्या बरोब्बर उलट, त्यामुळे शेवटची गाणी कडेला असतात आणि सीडी जराशी वाकडी असली तर ते कडेलाच जास्त जाणवतं. आणि अगदी शेवटी मधल्या भागातली अनुक्रमणिका, म्हणजे कुठलं गाणं कुठे सुरू होतं ती यादी, तीच वाचता येईना. यादी नाही तर सीडीच नाही असं तो मानतो. लेन्स थकल्याची ही सगळी लक्षणं, आता वाटतं ब्लडप्रेशरच्या गोळीसारखं वेळेवर लक्ष द्यायला हवं होतं.

दिवाळीनंतर एका मेकॅनिककडे नेला. "लेन्स गई भिया," उघडायच्या आधीच निदान. लेन्स बदलली, ट्रेचा रबरी बेल्ट सैल झाला होता तो म्हणे गरम पाण्यात टाकून घट्ट केला (हे खरंच करतात, आणि थोडे दिवस चालतंही), घरी आणला, चार महिने वाजला आणि परत नो डिस्क. नंतर वाचताना कळलं की सोनीचा केएसएस-२१३ नावाचा जो पिकअप आहे, म्हणजे लेन्स बसवलेला सीडी वाचणारा भाग, तो इतक्या कंपन्यांच्या प्लेयरमध्ये बसवला गेला की त्याच्या नकलाही बाजारात भरपूर आहेत, दिसायला सेम टू सेम. आमच्या नशिबी त्यातलीच एक आली असणार. तेव्हा ठरवलं की आता नवीनच घ्यायचा, बजेट चाळीस हजार, त्यावर एक रुपया नाही.

हे ‘एक रुपया नाही’ बायकोसमोर बोललो ही पहिली चूक. "अहो, चाळीस हजारात काय येतं माहितीय का? आणि सीडी कोण ऐकतं आता?" आमचे चिरंजीव अकरावीत आहेत, ते म्हणाले आजोबांना एक स्मार्ट स्पीकर देऊन टाका, बोलले की वाजेल. दिलाही आम्ही आठवडाभर एका मित्राकडून आणून. बाबा त्याला म्हणाले, "अमीर खाँसाहेबांचा मारवा लाव," तर त्याने मारवाड नावाचं काहीतरी शोधून लावलं. बाबांनी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की मीच वायर काढून ठेवली.

चेष्टा सोडा, पण खरं कारण वेगळं होतं. बाबांकडे साडेतीनशेच्या आसपास सीड्या आहेत. त्यातल्या बऱ्याच मुंबईला कामाला गेले की काळा घोड्याच्या र्‍हिदम हाउसमधून आणलेल्या, ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं त्या दिवशी बाबा घरात कोणी गेल्यासारखे गप्प होते. हे सगळं आज ना उद्या ऑनलाइन मिळेल, मान्य. पण त्यात चाळीसेक सीड्या अशा आहेत ज्या जगात फक्त आमच्या कपाटात आहेत. इथल्या, इंदूरच्या रामबागेतल्या, नारायण बागेतल्या घरगुती बैठका, गणपतीतले कार्यक्रम, काकांच्या साठीला झालेलं गाणं, आधी कॅसेटवर घेतलेलं आणि २००४-०५ च्या सुमाराला एका ओळखीच्या मुलाकडून सीडीवर उतरवून घेतलेलं. इंदूर म्हणजे अमीर खाँसाहेबांचं गाव, शेजारी देवासला कुमारजी, म्हणजे कुमार गंधर्व, टीबीमुळे येऊन राहिले ते कायमचे, त्यामुळे बाबांच्या पिढीतल्या इथल्या मराठी माणसाला गाणं ऐकणं म्हणजे सकाळी पोहे खाण्याइतकं साधं होतं. ह्या सीड्या जो वाचेल तो प्लेयर, बाकी सगळं नंतर.

आता जुगाड सांगतो, कारण खरा शहाणपणा तिथे आला. नवीन घेईपर्यंत काम भागावं म्हणून माळ्यावरचा जुना डीव्हीडी प्लेयर काढला. त्याच्या मागे एक नारिंगी रंगाचं भोक होतं, कोॲक्सियल आउट, म्हणजे डिजिटल आवाज बाहेर द्यायचं. आणि माझ्या अँपच्या मागे (अँप म्हणजे आवाज मोठा करून स्पीकरला देणारा डबा, दहा वर्षांपूर्वी घेतलेला साधाच आहे) कोॲक्सियल इन होतंच, जे मी कधी वापरलं नव्हतं. वायर जोडली आणि आवाज ऐकून मी खालीच बसलो. चांगला होता, जुन्या प्लेयरइतकाच, किंवा माझ्या कानांना तरी तितकाच.

ह्याचं कारण सोपं आहे पण ते मला चाळीस हजार हातात घेऊन फिरायला लागल्यावर कळलं. सीडीवर आकडे असतात. दर सेकंदाला ४४,१०० वेळा, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंसाठी, प्रत्येकी १६ बिटचा एक आकडा. (४४,१०० हा विचित्र आकडा कुठून आला तर त्या काळी डिजिटल आवाज व्हिडिओ रेकॉर्डरच्या टेपवर साठवत, दर सेकंदाला ६० फील्ड म्हणजे अर्धी चित्रं, प्रत्येकात कामाच्या २४५ ओळी, ओळीत ३ आकडे, गुणून बघा. मला हे फार आवडलं, घरात कोणालाच आवडलं नाही.) प्लेयरची दोन कामं, एक म्हणजे ते आकडे नीट वाचणं आणि दुसरं म्हणजे त्यांचा परत आवाज करणं. दुसरं काम डॅक नावाची चिप करते. कोॲक्सियल किंवा ऑप्टिकल वायरने जोडलं की प्लेयर फक्त आकडे पाठवतो आणि डॅकचं काम अँप करतो. म्हणजे माझ्या घरात डॅक आधीपासून होता, आणि मी प्लेयर निवडत होतो तो त्यातल्या डॅकचं नाव वाचून!

मग डीव्हीडी प्लेयरच का नाही ठेवला? तीन आठवडे ठेवला होता. सीडी टाकली की वीस-पंचवीस सेकंद नुसता घरघरतो. कुठलं गाणं चालू आहे ते बघायला टीव्ही लावायचा, म्हणजे सकाळी सहाला भैरव ऐकायला बाबांनी हातात दोन रिमोट घ्यायचे. फिरतानाचा आवाज एवढा की तानपुरा दोन आहेत का तीन असं वाटावं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दोन ट्रॅकच्या मधे तो अर्धा सेकंद थांबायचा. सिनेमाच्या गाण्यांना काय फरक पडतो, पण मैफलीच्या सीडीत गाणं सलग असतं, विलंबित संपून द्रुत सुरू होते तिथे नुसती खूण टाकलेली असते. ऐन समेवर यायच्या वेळी आवाज गायब. बाबा म्हणाले, "हा मधेच दम का खातो रे? गवय्याने नाही खाल्ला."

त्या वाक्यावरनं मला कळलं की मला काय शोधायचंय. आवाज जवळपास सगळ्यांचा चांगला असतो, मला वागणं चांगलं असलेला प्लेयर हवाय. मुलगी बघायला गेल्यासारखं वाटतंय ना, आई पण तेच म्हणाली.

तरी रात्री एक-एक वाजेपर्यंत वाचत बसायचो हे कबूल करतो, कारण ही खाज आहे. मॅरांट्झचा सीडी ६००७, त्यात एके४४९० नावाची डॅक चिप, पुढे हेडफोनचं भोक. डेनॉनचा डीसीडी-६००एनई. नॅडचा सी ५३८. यामाहाचा सीडी-एस३०३. मग केंब्रिजचा सीएक्ससी आणि ऑडिओलॅबचा ६०००सीडीटी, ह्यांना ट्रान्सपोर्ट म्हणतात, म्हणजे डॅक काढूनच टाकलेला, फक्त वाचायचं आणि आकडे पुढे पाठवायचे. माझ्यासाठी लॉजिकने बघितलं तर ट्रान्सपोर्टच योग्य होता, पण उद्या अँप बदलला आणि त्यात डिजिटल इनपुट नसलं तर परत डॅक आणा, आणि इथे इंदुरात ट्रान्सपोर्ट प्रत्यक्ष बघायला मिळायची मारामार, मागवून घ्यायचा म्हणजे नवरी घुंगटातच. ते सोडलं.

सेकंडहँडचाही मोह झाला. जपानी जुने प्लेयर फोटोत काय देखणे दिसतात, वजन दहा-दहा किलो, लाकडी गालफडं. पण जपानच्या घरातली वीज १०० व्होल्टची असते, आपली २३०. तसाच लावला तर धूर, म्हणजे आधी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. आणि त्यातली लेन्सही पंचवीस-तीस वर्षांची, ती गेली की परत नकलेच्या बाजारात. आणखी एक पंथ आहे तो फिलिप्सच्या टीडीए१५४१ चिपवाल्या ऐंशीच्या दशकातल्या प्लेयरांच्या मागे असतो. गंमत म्हणजे त्याच्याही आधी, १९८२ मध्ये सीडी बाजारात आली तेव्हा फिलिप्सच्या पहिल्या प्लेयरमध्ये १४ बिटचीच चिप होती आणि चौपट ओव्हरसॅम्पलिंगची, म्हणजे मधले आकडे हिशोबाने भरून एकाचे चार करायची, युक्ती करून ते १६ बिटच्या जवळपास काम काढून घेत. वाचायला मजा येते, पण बाबांना सकाळी सहाला चालणारी वस्तू पाहिजे, म्युझियम नको.

मग एक पिशवी तयार केली, कापडी, त्यात पाच सीड्या. नाट्यसंगीताची एक सीडी, जिच्यावर माझ्या चुलतभावाने एकदा स्टीलचा पेला ठेवला होता. २००४ ची घरची एक, जिच्यावर बाबांनी बॉलपेनने दाबून नाव लिहिलंय. ७८ मिनिटांची ठासून भरलेली एक. सलग मैफलीची एक. आणि एक अतिविलंबित ख्यालाची, ज्यात खाँसाहेब मंद्र सप्तकात एवढे सावकाश चालतात की मधल्या शांततेत प्लेयरने जरा जरी कुरकुर केली तरी ऐकू यावी.

पहिल्या दुकानात मुलाने पिशवी बघूनच विचारलं, "भिया, टेस्टिंग के लिए हमारे पास पेनड्राइव है ना." म्हणलं पेनड्राइव तर माझ्याकडेही आहे. त्याने त्यांच्या शोरूमची एकच चकाचक सीडी लावली, त्यात ढोल वाजत होते आणि पाण्याचे थेंब पडत होते. त्यावर कुठलाही प्लेयर भारीच वाटणार. घरच्या सीडीला तर हातच लावेना, "ये जली हुई है, लेन्स खराब हो जाएगी." असं काही होत नाही, लेन्स सीडीला टेकतच नाही, खालून नुसता प्रकाश पडतो. फक्त घरी बनवलेली सीडी छापील सीडीपेक्षा कमी चकाकते म्हणून प्लेयरला परत आलेला प्रकाश ओळखायला जास्त मेहनत पडते, एवढंच. पण मी वाद नाही घातला, सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस खाल्ला आणि घरी आलो.

दुसऱ्या ठिकाणी एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांनी स्वतःच खुर्ची दिली आणि म्हणाले आरामात ऐका. तिथे दोन प्लेयर होते माझ्या बजेटातले. एकाने बॉलपेनवाली सीडी पंधरा सेकंद चघळून बाहेर टाकली. दुसऱ्याने, तो यामाहाचा एस३०३ होता, आठ-नऊ सेकंदात वाचली आणि काकांच्या साठीचं गाणं त्या शोरूममध्ये सुरू झालं, मागे कोणीतरी खोकतंय, कोणीतरी "चहा आणा रे" म्हणतंय, सगळं. ते गृहस्थ हसायला लागले. पेल्यावाली सीडी पण न अडकता गेली. मग आवाज बारीक करून मी प्लेयरच्या ट्रेला कान लावून बसलो, दोन मिनिटं, बाकीची गिऱ्हाईकं काय समजली असतील ते समजोत. शांत होता. मागे कोॲक्सियल, ऑप्टिकल दोन्ही आउट, पुढे पेनड्राइवचं भोक. घेतला, काळा. बजेट किती राहिलं ते विचारू नका.

घरी आल्यावर मला एक खाज भागवायची होतीच. प्लेयर एकाच वेळी अँपला दोन्हीकडून जोडला, लाल-पांढऱ्या वायरने प्लेयरच्या स्वतःच्या डॅकमधून आणि कोॲक्सियलने अँपच्या डॅकमधून. सीडी तीच, नुसतं इनपुट बदलायचं. पहिल्यांदा लाल-पांढरीचा आवाज इतका मोकळा, भरदार वाटला की मी बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून आणलं. तिलाही वाटला. मग चिरंजीवांनी मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप लावलं तर ती बाजू एक-सव्वा डेसिबलने मोठी निघाली. बस्स, एवढंच होतं! प्लेयरमधून साधारण २ व्होल्ट यायचं ठरलेलं असतं, पण एखाद्या जोडीत एक बाजू २ आणि दुसरी २.३ अशी असली की सव्वा डेसिबलचा फरक पडतो, आणि आपल्या कानाला तो ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. दुकानात दोन प्लेयर एकापाठोपाठ ऐकवतात तेव्हा हेच होत असणार, विकणाऱ्याला माहीत असो वा नसो.

आवाज सारखा करून परत केलं. मुलगा माझ्या मागे उभा राहून बदलणार, मी सांगणार कुठलं आहे. वीस वेळा. माझे अकरा बरोबर आले, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. बाबांचे नऊ बरोबर आले, पण प्रत्येक उत्तर त्यांनी अशा खात्रीने दिलं, "ह्यात जवारी जास्त खुलतेय, ही तुझी लाल वायर," की चुकलं तरी कोणाची सांगायची हिंमत झाली नाही. आई फक्त एकदाच बसली आणि म्हणाली, दोन्हीत खोकला सारखाच येतोय.

एक गोष्ट मात्र घेणाऱ्यांनी बघावी. हल्ली बऱ्याच प्लेयरांत थोडा वेळ काही वाजवलं नाही की आपोआप झोपायची सोय असते, युरोपातल्या वीज वाचवायच्या नियमांमुळे आलेली. बाबा मधेच पॉज करून चहाला जातात, पेपर वाचतात, कोणाचा फोन आला तर तासभर गेला, आणि परत येऊन प्ले दाबलं की पुन्हा पहिल्यापासून आलाप. ते सेटिंगमधून बंद करता येतं का हे माहितीपुस्तिकेत आधी बघायचं आणि पहिल्याच दिवशी बंद करून टाकायचं. लाइट गेली तर मात्र इलाज नाही, पावसाळ्यात आमच्याकडे ती जाते आणि येताना झटका देऊन येते, म्हणून अँपच्या जुन्या स्टॅबिलायझरवरच ह्यालाही बसवलाय.

आता बाबांना सीड्या पुसायला शिकवणं चालू आहे. मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही, कारण मधून कडेकडे गेलेला आडवा ओरखडा प्लेयर भरून काढतो (आकडे मुद्दाम विस्कटून लिहिलेले असतात, त्यामुळे दोनेक मिलिमीटर सलग गेलं तरी आजूबाजूच्यावरून तो हिशोब लावतो), पण फिरण्याच्या दिशेने गेलेला लांब ओरखडा त्याला जड जातो. आणि सगळ्यांना वाटतं खालची चकचकीत बाजू नाजूक, तर खरी नाजूक वरची, नाव लिहायची. तिथे लाखेच्या पातळ थराच्या खाली लगेच धातूचा थर असतो, बॉलपेनने दाबून लिहिलं की गाणंच कोरलं जातं. हे ऐकून बाबा दोन मिनिटं काही बोलले नाहीत. चाळीसही सीड्यांवर बॉलपेन आहे.

त्या चाळीसपैकी सव्वीस नव्या प्लेयरने सरळ वाचल्या. उरलेल्या चौदांपैकी पाच मुलाने कॉम्प्युटरवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी नावाच्या सॉफ्टवेअरने काढल्या, ते एकेक तुकडा परत परत वाचतं, एका सीडीला अख्खी रात्र लागली. सव्वीसच्या पण प्रती करून ठेवतोय, कारण ह्या घरी बनवलेल्या सीड्यांत गाणं ज्या रंगाच्या थरात लिहिलेलं असतं तो रंग वर्षागणिक उडत जातो आणि त्याला कुठलाही प्लेयर काही करू शकत नाही. नऊ राहिल्या. त्या बाबांनी बिस्किटाच्या एका रिकाम्या डब्यात ठेवल्यात आणि डब्यावर लिहिलंय ‘बघू’. बॉलपेननेच, पण डब्यावर.